यंत्र चालू आहे, पण प्रदूषक तुटत नाही: अल्ट्रासाउंड रिॲक्टरची क्रमवार तपासणी

पाण्यातील रंगद्रव्ये, फिनॉलसारखी संयुगे किंवा औषधांचे अवशेष अल्ट्रासाउंडने तोडण्याचे प्रयोग आता अनेक महाविद्यालयांत होतात, आणि प्रकल्पांचा हंगाम सुरू झाला की एकच तक्रार फिरून फिरून कानावर येते: यंत्र चालते, आवाज येतो, पाणीही तापते, पण प्रदूषक काही कमी होत नाही. अशी उपकरणे सांभाळण्याचे काम माझ्याकडे असल्यामुळे हा दोष मी अनेकदा दूर केला आहे. त्यात यंत्र खरोखरच बिघडलेले असण्याचे प्रसंग थोडे असतात. बहुतेक वेळा दोष मोजमापात, पाण्यात किंवा भांड्याच्या जागेत सापडतो, आणि तरीही सर्वांत आधी जनरेटरचे (यंत्राला वीज पुरवणाऱ्या पेटीचे) झाकण उघडले जाते. म्हणून पुढील क्रम फुकटात होणाऱ्या तपासण्यांपासून सुरू होतो आणि कंत्राटदाराच्या बिलापाशी संपतो.

लक्षणे

आपल्याकडे नेमके काय घडते आहे ते आधी नीट पाहावे, कारण लक्षणावरून पुढची निम्मी वाट कळते. पहिली वीस-पंचवीस मिनिटे रंग झपाट्याने उतरतो आणि नंतर आलेख आडवा होतो, असे असेल तर तापमान आणि विरघळलेला वायू यांच्याकडे संशयाने पाहावे. एकाच द्रावणाचे सकाळचे आणि दुपारचे आकडे जुळत नसतील, तर भांड्याची जागा, बाथमधील (तळातून ध्वनी सोडणाऱ्या पाण्याच्या टाकीतील) पाण्याची पातळी आणि पुन्हा तापमान. ऊर्ध्वपातित पाण्यात उत्तम चालणारा प्रयोग बोअरवेलच्या पाण्यात किंवा खऱ्या सांडपाण्यात अडत असेल, तर मूलक (प्रदूषक तोडणारे अतिक्रियाशील कण) दुसरेच कोणीतरी खात आहे. ॲबसॉर्बन्स (स्पेक्ट्रोफोटोमीटरने मोजलेले प्रकाशाचे शोषण) कमी होण्याऐवजी वाढत असेल, तर आधी मोजमाप तपासावे. महिनोन्‌महिने थोडी थोडी घसरण होत आली असेल तर हॉर्नची, म्हणजे पाण्यात बुडवून ध्वनी सोडणाऱ्या धातूच्या दांड्याची (प्रोबची), टिप झिजली आहे. आणि आवाजच बदलला असेल, घरघर किंवा कर्कश किरकिर येत असेल, तर हा लेख मधले सर्व सोडून शेवटच्या भागापासून वाचावा.

एक लक्षण मात्र बिघाडात मोडतच नाही. शोधनिबंधात ३०० ते ४०० किलोहर्ट्झच्या रिॲक्टरमध्ये मिळालेला वेग ४० किलोहर्ट्झच्या साफसफाईच्या बाथमध्ये मिळत नाही, अशी तक्रार असते. तो मिळणारही नाही. २० ते ४० किलोहर्ट्झला ध्वनीमुळे पाण्यात तयार होणारे बुडबुडे मोठे होतात आणि त्यांचा यांत्रिक मारा जबर असतो, परंतु हायड्रॉक्सिल मूलकांचे उत्पादन साधारणपणे २०० ते ६०० किलोहर्ट्झच्या पट्ट्यात अधिक चांगले होते. काचसामान धुण्यासाठी बनवलेल्या बाथकडून किती अपेक्षा ठेवायची, हे प्रयोगाच्या आधीच ठरवलेले बरे.

आधी मोजमाप

या तपासणीला पैसे लागत नाहीत, आणि सर्वाधिक तक्रारी इथेच मिटतात. नमुना ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळून मगच स्पेक्ट्रोफोटोमीटरमध्ये ठेवावा. प्रोबच्या टिपेवरून टायटॅनियमचे अतिसूक्ष्म कण सतत निघत असतात. त्यांच्यामुळे द्रावणाला करडी झाक येते, प्रकाश विखुरतो आणि यंत्र ते शोषण समजून आकडा वाढवून दाखवते. गाळलेल्या आणि न गाळलेल्या नमुन्याचे आकडे शेजारी लिहिले की हा प्रश्न पाच मिनिटांत निकाली निघतो. फिल्टर स्वतःच रंगद्रव्य धरून ठेवत नाही ना, हे मूळ द्रावण एकदा गाळून पाहून घ्यावे.

दुसरी गोष्ट पीएचची. हवेच्या संपर्कातील पाण्यावर अल्ट्रासाउंड सोडले की बुडबुड्यांत नायट्रोजन आणि ऑक्सिजन एकत्र येऊन नायट्राइट व नायट्रेट तयार होतात आणि बफर (पीएच स्थिर ठेवणारे द्रव्य) नसलेल्या पाण्याचा पीएच हळूहळू उतरतो; तो ४ च्या आसपासही जाऊ शकतो. मिथाइल ऑरेंज हे रंगद्रव्य नेमके ३.१ ते ४.४ या पट्ट्यात पिवळ्याचे लाल होते आणि त्याच्या शोषणाचे शिखर ४६४ नॅनोमीटरवरून ५०० च्या पुढे सरकते. ४६४ वरच डोळे लावून बसलेल्या विद्यार्थ्याला त्यामुळे कधी खोटे विघटन दिसते, तर ५०० च्या पुढच्या तरंगलांबीवर मोजणाऱ्याला प्रदूषक वाढल्यासारखे वाटते. नमुना आणि मूळ द्रावण दोन्ही एकाच पीएचला आणून, एका तरंगलांबीऐवजी संपूर्ण वर्णपट घ्यावा.

सीओडी (पाण्यातील सेंद्रिय द्रव्याच्या ऑक्सिडीकरणाला लागणारा ऑक्सिजन) मोजत असाल आणि सोबत हायड्रोजन पेरॉक्साइड घातले असेल, तर उरलेले पेरॉक्साइड चाचणीतले डायक्रोमेट खाते आणि सीओडी फुगवते. दर लिटरला ५०० मिलिग्रॅम पेरॉक्साइड शिल्लक असेल तर हिशेबाने सुमारे २३५ मिलिग्रॅम इतका खोटा सीओडी दिसू शकतो. प्रक्रिया यशस्वी होऊनही अहवाल नापास होतो, तो असा. उलट बाजूही लक्षात ठेवावी: रंग गेला म्हणजे रेणूचा रंग देणारा भाग तुटला, एवढेच सिद्ध होते, कार्बन पाण्यातच असतो.

आणि अल्ट्रासाउंड बंद ठेवून, बाकी सर्व तसेच ठेवून, एक कोरी चाचणी घ्यावी. बाष्पीभवन, भांड्याच्या भिंतीला चिकटणे, प्रकाशाचा परिणाम हे सर्व त्यात उघडे पडते.

तापमान

सर्वसाधारण रसायनशास्त्रात तापवले की वेग वाढतो, त्यामुळे पाणी तापते आहे हे पाहून अनेकांना समाधान वाटते. इथे गणित उलटे आहे. ध्वनीच्या दाबाने बुडबुडा फुगतो आणि मग क्षणार्धात कोसळतो, तेव्हा त्याच्या गाभ्यात सुमारे ५,००० केल्विन तापमान आणि शेकडो वातावरणे इतका दाब निर्माण होतो. त्या उष्णतेत पाण्याची वाफ फुटून हायड्रॉक्सिल मूलक मिळतात. परंतु पाणी गरम असेल तर बुडबुड्यात वाफ जास्त शिरते आणि तो कोसळताना गादीवर पडल्यासारखा अलगद दबतो. पाण्याचा बाष्पदाब २० अंश सेल्सिअसला सुमारे २.३ किलोपास्कल असतो, ४० अंशांना ७.४ आणि ६० अंशांना जवळजवळ २०. चढ किती तीव्र आहे ते यावरून दिसेल.

प्रोबखालचे दोन-अडीचशे मिलिलिटर पाणी काही मिनिटांतच तापते आणि बाथही तासाभरात बराच गरम होतो. विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये टाकीतून येणारे पाणीच कोमट असते, मग प्रयोग सुरू होण्याआधीच बाजी अर्धी हरलेली असते. बीकर बर्फाच्या पाण्यात ठेवावा किंवा दुहेरी भिंतीचे भांडे वापरून त्यातून थंड पाणी फिरवावे, तापमान २० ते २५ अंशांच्या दरम्यान राखावे आणि दर पाच मिनिटांनी ते वहीत लिहावे. आलेख ज्या क्षणी आडवा होतो त्याच क्षणी तापमान ४० च्या पुढे गेलेले दिसले, तर पुढचे काही वाचण्याची गरज नाही.

भांडे कुठे आहे आणि प्रोब किती खोल आहे

पाण्यात ध्वनीचा वेग सेकंदाला साधारण १,४८० मीटर असतो, म्हणून ४० किलोहर्ट्झला तरंगलांबी ३.७ सेंटिमीटर येते आणि बाथमध्ये तीव्र व मंद जागांचे थर साधारण १.८५ सेंटिमीटरच्या अंतराने बसतात. भांडे एक सेंटिमीटर वरखाली झाले, किंवा बाथमधील पाण्याची पातळी तेवढी उतरली, की तेच द्रावण तीव्र जागेतून मंद जागेत जाते. सकाळ-दुपारच्या न जुळणाऱ्या आकड्यांचे हे सर्वांत सामान्य कारण आहे.

स्वयंपाकघरातील ॲल्युमिनियम फॉइलचा एक तुकडा बाथमध्ये उभा धरावा आणि मिनिटभर यंत्र चालवावे. जिथे कॅव्हिटेशन (बुडबुडे फुगून कोसळण्याची क्रिया) जोरात आहे तिथे फॉइलवर बारीक खड्डे आणि छिद्रे पडतात, जिथे नाही तिथे ते गुळगुळीत राहते. असे फॉइल बाथच्या वेगवेगळ्या भागांत धरून पाहिले की भांडे कुठे ठेवायचे याचा नकाशाच हाती येतो. तो तुकडा वाळवून, तारीख लिहून नोंदवहीत चिकटवून ठेवावा. पुढच्या वर्षी तुलना करायला त्याच्यासारखा स्वस्त पुरावा नाही. एक कोपरा पूर्वी छिद्रांनी भरत होता आणि आता कोराच राहतो, असे दिसले तर त्या कोपऱ्याखालचा ट्रान्सड्यूसर (विजेचे कंपनात रूपांतर करणारा भाग) गेला आहे किंवा सुटला आहे. फॉइलचे कण बाथमध्ये उरतात, म्हणून चाचणीनंतर पाणी बदलावे.

भांडे सपाट तळाचे असावे. गोल तळावरून ध्वनीचा बराच भाग परावर्तित होतो. ते बाथच्या तळाला टेकवू नये, स्टँडला पकडून लटकवावे, आणि पातळीची खूण मार्करने बाथच्या आतल्या भिंतीवर करून ठेवावी.

प्रोबच्या बाबतीत टिप पृष्ठभागाच्या फार जवळ असेल तर हवा ओढली जाते आणि फेस होतो. तो फेस ध्वनी गिळतो. भांड्याच्या काचेला तर टिप कधीही लागू नये. टिप भांड्याच्या मध्यावर, दोन-तीन सेंटिमीटर बुडालेली ठेवावी आणि ती खोली पट्टीने मोजून प्रत्येक वेळी तीच ठेवावी. तारीख, तापमान आणि शक्ती सगळे लिहितात, खोली मात्र क्वचितच कोणी लिहितो.

विरघळलेला वायू

अल्ट्रासाउंड स्वतःच पाण्यातला वायू बाहेर काढते. सुरुवातीला त्या वायूवरच बुडबुडे जन्मतात. तो संपत आला की नव्या बुडबुड्यांना जन्मायला जागाच मिळत नाही आणि वेग मंदावतो. तापमान ठीक असूनही आलेख आडवा होत असेल तर हेच कारण धरावे. उकळून थंड केलेले पाणी वापरणाऱ्यांची पंचाईत तर पहिल्याच मिनिटापासून होते. माशांच्या टाकीचा छोटा पंप लावून हवा हळूहळू सोडली की बहुतेक वेळा काम होते. नळी टिपेच्या थेट खाली मात्र धरू नये, कारण मोठ्या बुडबुड्यांचा पडदा ध्वनीला अडवतो.

कोणता वायू आहे यानेही फरक पडतो. कोसळताना किती तापायचे हे वायूच्या उष्माधारिता-गुणोत्तरावर अवलंबून असते: आर्गॉनचे १.६७, हवेचे १.४०, कार्बन डायऑक्साइडचे सुमारे १.३०. म्हणून आर्गॉन सर्वांत चांगला आणि कार्बन डायऑक्साइड घातक. प्रदूषक क्लोरोफॉर्म किंवा बेन्झिनसारखे उडून जाणारे असेल, तर वायू सोडल्याने ते नुसते हवेत निघून जाते आणि वहीत मात्र विघटन म्हणून नोंदले जाते. अशा वेळी ध्वनी बंद ठेवून वायू सोडण्याची कोरी चाचणी अनिवार्य आहे, आणि सर्व काम फ्यूम हूडमध्येच करावे.

पाण्यात आणखी काय आहे

माझ्या मते सर्वांत जास्त वेळ इथे द्यावा, कारण चूक डोळ्यांना दिसत नाही. औषधांचे किंवा कीटकनाशकांचे अवशेष पाण्यात सहज विरघळत नाहीत, म्हणून त्यांचे सांद्र द्रावण मिथेनॉलमध्ये करतात आणि त्यातला मिलिलिटरभर एका लिटर पाण्यात घालतात. एक मिलिलिटर मिथेनॉल म्हणजे जवळजवळ २५ मिलिमोल. प्रदूषक दर लिटरला १० मिलिग्रॅम आणि त्याचे रेणुवस्तुमान ३०० धरले, तर ते ०.०३३ मिलिमोल भरते. म्हणजे प्रदूषकाच्या एका रेणूमागे मिथेनॉलचे साडेसातशे रेणू उभे आहेत, आणि प्रत्येक जण हायड्रॉक्सिल मूलकाशी झपाट्याने अभिक्रिया करतो. शिवाय मिथेनॉल उडनशील असल्याने बुडबुड्याच्या आत शिरून त्याचे तापमानही खाली आणते. उपाय साधा आहे: मिथेनॉलमधले द्रावण रिकाम्या फ्लास्कमध्ये घ्यावे, नायट्रोजनच्या मंद झोताखाली मिथेनॉल पूर्ण उडू द्यावे, मग पाणी घालून रात्रभर ढवळत ठेवावे.

बोअरवेलच्या पाण्यात बायकार्बोनेट असतेच, दख्खनच्या काळ्या खडकातल्या पाण्यात तर बरेच. ते मूलक टिपते, आणि पीएच वाढला की त्यातून होणारे कार्बोनेट त्याहून कितीतरी वेगाने टिपते. क्षारता मोजण्याचे अनुमापन प्रत्येक पर्यावरण प्रयोगशाळेत होते, ते करून घ्यावे. आम्ल घालून पीएच ४ च्या आसपास आणला आणि थोडा वेळ हवा सोडून कार्बन डायऑक्साइड घालवला, तर अडथळा बराच दूर होतो. हवा सोडायची पायरी वगळली तर वर सांगितलेला घातक वायूच पाण्यात राहतो.

आम्लाचा आणखी एक उपयोग आहे. मूलक बुडबुड्याच्या पृष्ठभागाजवळच सर्वाधिक असतात, आणि तिथे पाण्याला टाळणारे, भार नसलेले रेणू गोळा होतात. फिनॉलचा पीकेए (ज्या पीएचला निम्मे रेणू आयन होतात तो आकडा) सुमारे १० आहे आणि पॅरा-नायट्रोफिनॉलचा ७.१५, त्याच्या वरच्या पीएचला ते आयन होऊन पाण्यातच रमतात. म्हणून पॅरा-नायट्रोफिनॉलचा प्रयोग पीएच ९ ला अडला तर नवल नाही. पीएच ४-५ ला तो करून पाहावा, फक्त मोजताना पिवळा रंग परत आणण्यासाठी नमुना अल्कधर्मी करावा.

सुरुवातीची संहती बदलली असेल तर टक्केवारीची तुलना करू नये. मिनिटाला तयार होणारे मूलक ठरावीक असतात. १० मिलिग्रॅमच्या जागी १०० घेतले की टक्का घसरणारच.

शक्ती मोजणे

इथवर सर्व ठीक असेल तर यंत्राकडे वळावे, पण अजून पान्हा हातात घेऊ नये. जनरेटरवरचा ७० टक्क्यांचा आकडा बहुधा कंपनाचा विस्तार (ॲम्प्लिट्यूड) दाखवतो, पाण्यात उतरलेली शक्ती नाही. ती तापमापकाने मोजता येते. थर्मोकोलमध्ये गुंडाळलेल्या बीकरमध्ये २५० मिलिलिटर पाणी घ्यावे, थंडाव्याची सोय काढावी आणि यंत्र चालू करून दोन मिनिटे दर १५ सेकंदांनी तापमान लिहावे. समजा दोन मिनिटांत ३ अंश वाढले: २५० गुणिले ४.१८ गुणिले ३, भागिले १२० सेकंद, म्हणजे सुमारे २६ वॅट. भिंतीवरच्या मीटरने १५० वॅट ओढले तरी पाण्याला मिळाले ते एवढेच. हा आकडा उपकरण नवे असतानाच काढून ठेवावा, नाहीतर घसरण कशाच्या तुलनेत मोजणार?

उष्णता पोहोचते, पण मूलक तयार होतात का, हे पोटॅशियम आयोडाइड सांगते. लिटरला १६.६ ग्रॅम आयोडाइडच्या द्रावणावर अल्ट्रासाउंड सोडले की मूलकांमुळे आयोडीन मोकळे होते आणि फिकट पिवळा रंग येतो. तो ३५० नॅनोमीटरच्या जवळपास मोजावा. स्पेक्ट्रोफोटोमीटर नसेल तर दोन थेंब स्टार्च घालून निळेपणा पाहावा. द्रावण ताजे आणि अंधारात ठेवलेले असावे, आणि पाणी नळाचे नसावे, कारण त्यातील क्लोरीनही आयोडीन मोकळे करते आणि मेलेले यंत्रसुद्धा जिवंत भासते.

आयोडाइडची चाचणी उत्तीर्ण आणि प्रदूषकाची अनुत्तीर्ण, असे झाले तर यंत्र निर्दोष आहे. मागे जाऊन पाण्याचा भाग पुन्हा वाचावा.

टिप आणि जोड

वॅट घटले असतील तर वीजपुरवठा बंद करून टिप उजेडात धरावी. नवी टिप आरशासारखी असते. वापरात तिच्यावर आधी मळकट कडे उमटते, मग खडबडीत खड्डे पडतात. हलका खडबडीतपणा बारीक पॉलिश पेपरने सपाट काचेवर घासून काढता येतो, पण मर्यादेत. २० किलोहर्ट्झचा टायटॅनियम हॉर्न अर्ध्या तरंगलांबीइतका, म्हणजे साधारण १२ ते १३ सेंटिमीटर लांब असतो, आणि त्याची लांबी हाच त्याचा सूर आहे. घासून घासून ती कमी केली की जनरेटरला अनुनाद सापडत नाही आणि ओव्हरलोडचा दिवा लागतो. खोल खड्डे पडलेली टिप बदलावीच.

टिपेचे आटे कोरडे व स्वच्छ असावेत. त्यांवर टेफ्लॉन टेप, तेल किंवा ग्रीस लावू नये. धातूला धातू घट्ट भिडला तरच कंपन पुढे जाते. उपकरणासोबत आलेल्या दोन पान्ह्यांनीच ती आवळावी. बदलता येणारी टिप असेल तर अल्कोहोलसारख्या कमी पृष्ठताणाच्या द्रवांत ती वापरू नये, द्रव आट्यांत झिरपतो. हॉर्न हवेत मोकळा चालू ठेवू नये.

इथे थांबावे

टिप नवी, जोड घट्ट, पाणी ऊर्ध्वपातित, तापमान आटोक्यात आणि तरीही वॅट जुन्या नोंदीच्या निम्म्यावर, तर पुढचे काम तंत्रज्ञाचे आहे. हॉर्नवर केसाएवढी भेग दिसली, ओव्हरलोड जात नसेल, जळका वास आला, एमसीबी उडत असेल, स्पर्शाला झिणझिण्या आल्या किंवा बाथखाली पाणी साचलेले दिसले, तर त्याच क्षणी प्लग काढावा आणि फोन करावा. बाथची घरघर म्हणजे बहुधा तळाला एपॉक्सीने चिकटवलेला ट्रान्सड्यूसर सुटला आहे. बाजारातला गोंद लावून तो बसत नाही. जनरेटरमधील कपॅसिटर प्लग काढल्यावरही भारित राहतात, आणि ट्रान्सड्यूसरमधील पिझो सिरॅमिक तर ठोका बसल्याने किंवा तापल्याने स्वतःच विद्युतदाब निर्माण करते. ते झाकण प्राध्यापकांनीही उघडू नये आणि प्रयोगशाळा सहायकानेही.

दुसऱ्या प्रकारचा तज्ज्ञही लागतो. इचलकरंजी किंवा सोलापूरच्या कापड प्रक्रियेचे खरे सांडपाणी हाती असेल आणि ते प्रक्रियेनंतर बाहेर सोडण्याचा विचार असेल, तर आपल्या स्पेक्ट्रोफोटोमीटरवर विसंबू नये. नदीनाल्यात सोडण्याच्या सर्वसाधारण मानकात सीओडीची मर्यादा लिटरला २५० मिलिग्रॅम आहे आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतिपत्रातील अट त्याहून कडक असू शकते. मधल्या टप्प्यात बनलेली संयुगे मूळ प्रदूषकापेक्षा विषारीही असू शकतात. मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडून तपासणी करून घ्यावी. दिवसाला हजारो लिटरची गोष्ट असेल तर प्रोबची संख्या वाढवण्यात अर्थ नाही. मुंबईच्या इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजीत अनिरुद्ध पंडित आणि पराग गोगटे यांनी ध्वनीबरोबरच ऑरिफिस (बारीक छिद्र) किंवा व्हेन्चुरीतून (मध्ये अरुंद झालेल्या नळीतून) पंपाने पाणी ढकलून होणाऱ्या कॅव्हिटेशनवर विस्तृत काम केले आहे. मोठ्या प्रवाहासाठी त्या वाटेचा सल्ला प्रक्रिया अभियंत्याकडून घ्यावा.

तंत्रज्ञ आला की त्याला जुनी वॅटची नोंद, चिकटवलेले फॉइल आणि आवाज कधी बदलला ती तारीख दाखवावी. दुरुस्ती झाल्यावर बिलावर सही करण्यापूर्वी २५० मिलिलिटर पाण्याची तीच दोन मिनिटांची चाचणी त्याच्यासमोर घ्यावी आणि आलेला आकडा बिलावरच लिहून घ्यावा.